चिंचोके आणि कासव

चिंचोका मुठीत धरला की आधी गार लागतो, मग हळूहळू तळहाताची ऊब घेतो. चिंच फोडून घरातल्या बाईनं गर काढून घेतला की हे तपकिरी, तुळतुळीत बी उरतं आणि पोरांच्या मालकीचं होतं. दगडावर घासून एक बाजू पांढरी केली की त्याचे फासे होतात; पारावरच्या म्हाताऱ्यांचा डाव त्यांच्यावरच चालतो. आमच्या शाळेच्या आवारात चिंचेचं झाड आहे. माणदेशातल्या इतर झाडांसारखंच ते पावसाची वाट बघत वाढलंय, त्यामुळे वयाच्या मानानं बुटकं. फाल्गुन-चैत्रात त्याच्याखाली जे सांडतं ते वेचून मी पत्र्याच्या डब्यात भरते. शाळेला मिळालेल्या साहित्यात रंगीत प्लॅस्टिकचे मणी आहेत, ठोकळे आहेत, घड्याळाची प्रतिकृती आहे. तरी पहिलीच्या पोरांचा हात डब्याकडेच वळतो. चिंचोका पडला तर फुटत नाही आणि हरवला तर बाई रागावत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

या चिंचोक्यांचा एक खेळ मी दर वर्षी पहिलीत नव्यानं आलेल्या मुलांशी खेळते. सहा चिंचोके एका ओळीत मांडायचे. त्यांच्याखाली, एकेकासमोर एकेक, आणखी सहा. कुठल्या ओळीत जास्त? पोरगं म्हणतं, सारखेच. मग त्याच्या डोळ्यांदेखत खालच्या ओळीतले चिंचोके एकमेकांपासून लांब सरकवायचे, ओळ ताणायची. आता?

"खालच्यात जास्त हायती."

"का रे?"

"लांब हाय न्हवं!"

मोजायला सांगितलं तर तो मोजतो. वर सहा, खाली सहा. तरीही खालच्यात जास्त. चेहऱ्यावर कसलाही गोंधळ नसतो. गोंधळ असतो तो विचारणाऱ्याच्या मनात. अशा वेळी शिक्षकाची जीभ शिवशिवते. अरे, मी एकही घातला नाही, एकही काढला नाही, मग वाढतील कसे? हे सांगितलं तर पोरगं मान डोलावतं. बाईंना काय ऐकायचंय हे त्याला कळतं आणि ते बोलूनही दाखवतं. दुसऱ्या दिवशी ओळ ताणली की पुन्हा जास्त. न सांगता खेळत राहिलं, तर पावसाळा सरता सरता कधीतरी तेच पोरगं आपल्याला वेड्यात काढल्यासारखं हसतं : "बाई, तुमी नुसते सरकवले की!" त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय जुळून आलं हे मला कधीच दिसलेलं नाही. जुळल्यानंतरचं हसू तेवढं दिसतं.

हा खेळ माझा नाही, जीन पियाजेचा. डी.एड.ला असताना आम्ही त्याचं नाव घोकलं होतं. मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, हे वाक्य आम्ही शब्दशः पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवलं आणि त्याचे पूर्ण गुण मिळवले. यातला विनोद त्या वर्गात कुणाच्याच ध्यानात आला नाही. नंतर, नोकरी लागून गावाची सवय झाल्यावर, मी त्या माणसाबद्दल परीक्षेशिवाय वाचलं. स्वित्झर्लंडचा हा मुलगा गोगलगायी-शिंपल्यांचा अभ्यासक. १९२०च्या सुमारास तो पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्यांवर काम करत होता. काम असं, की मुलांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं बरोबर की चूक ते नोंदवायचं. बरोबर उत्तरांत त्याचं मन रमेना. चुकलेल्या उत्तरांकडे मात्र तो बघत बसला, कारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती. वेंधळेपणानं माणूस हजार तऱ्हांनी चुकतो. सगळे सारखेच चुकत असतील तर त्या चुकीमागं काहीतरी विचार असला पाहिजे. शिंपला पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना हे दिसलं, याचं मला नवल वाटत नाही.

पियाजे जन्मला त्याच १८९६ साली तिकडे रशियन साम्राज्यात मुलांच्या शिकण्याचा दुसरा अभ्यासक, वायगॉट्स्की, जन्मला. तो सदतिसाव्या वर्षी क्षयानं गेला. मूल एकट्यानं जिथवर पोचतं त्याच्या पुढची पायरी ते जाणत्याच्या मदतीनं चढतं, असं त्याचं म्हणणं होतं. आमच्या द्विशिक्षकी शाळेत त्याला पर्यायच नाही. मी दुसरीला शिकवत असते तेव्हा पहिलीकडे चौथीतली एक मुलगी बघत असते. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, कारण न कळणं कसं असतं हे ती अजून विसरलेली नाही.

चुकांबद्दल बोलायचं तर बत्तीसातून सात वजा करायचे झाले की दुसरीतली बरीच मुलं पस्तीस लिहितात. लाल शाईनं फुली मारायची आणि पुढच्या वहीला हात घालायचा, ही झाली रीत. पण हे पस्तीस आलं कुठून? मूल एककाच्या घरात बघतं, तिथं दोन आणि सात. लहानातून मोठं जात नाही हे त्याला आपणच सांगितलेलं असतं. मग ते शहाणपणानं सातातून दोन वजा करतं, पाच लिहितं, आणि तीन खाली उतरवतं. नियम पाळूनच चुकलेलं असतं ते. अशा वेळी मी तुरकाट्यांचे वीतभर तुकडे काढते. दहा-दहाचे गठ्ठे, वर रबर. तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. सात दे मला. पोर दोन देते, गठ्ठ्यांकडे बघते, माझ्याकडे बघते. गठ्ठा सोडायची परवानगी आहे का, हा खरा प्रश्न असतो. मी गप्प राहते. मग रबर निघतं, काड्या सतरंजीवर पसरतात, आणि त्या आवाजानं शेजारचे दोघे आपापले गठ्ठे सोडायला लागतात. कागदावर दशकाच्या डोक्यावर काट मारून एक कमी लिहिणं नंतर येतं, आणि आलं की जात नाही.

सत्तावीस ऐकून बहात्तर लिहिणारं मूलही असंच. त्याला आधी सात ऐकू येतात, म्हणून ते आधी सात लिहितं. कानाशी ते प्रामाणिक असतं. शेजारच्या कन्नडात आधी वीस म्हणतात, मग सात. आपण उलटं बोलतो आणि सुलटं लिहितो. त्यात एकोणतीस म्हणजे तर तिसाचं नाव घेऊन विसाच्या घरात राहणं. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर हलकल्लोळ झाला. विधिमंडळात टिंगल झाली, मराठीचा गळा घोटल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना आकडा कळावा म्हणून दुसरी वाट ठेवली आहे. माझ्यासारख्या वर्गातल्या बायकांना यात क्रांतीही दिसली नाही आणि संकटही. वीस आणि सात असं आम्ही आधीपासून म्हणत होतोच, दोन गठ्ठे आणि सात काड्या समोर ठेवून. त्र्याहत्तर आणि ब्याण्णव ज्यांच्या जिभेवर रुळलेत त्यांना ते कधीकाळी अवघड गेले होते याचा विसर पडला, एवढंच. चर्चा करणाऱ्यांत सात वर्षांचं कुणी नव्हतं.

आमच्या वर्गातली फरशी रंगवलेली आहे. पांढऱ्या-पिवळ्या ऑइलपेंटनं आखलेले चौकोन, गोल, संख्यारेषा, बाराखडीची घरं. भिंतीच्या तळाशी, बसल्या मुलाचा हात पुरेल एवढ्या उंचीवर, काळा पट्टा म्हणजे तळफळा. २०१५च्या आसपास सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, सगळ्या राज्यात गाजत होतं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्याबरोबर तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद पुस्तकातून काढून जिल्हा परिषदेच्या शाळांत फरशीवर उतरवला. त्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि गाड्या भरभरून शिक्षक कुमठ्याला जाऊ लागले. आम्हीही गेलो. तिथं मी पाहिलं ते रंगापेक्षा वेगळंच : वर्गात शिरलेल्या पाहुण्यांकडे मुलांचं लक्षच नव्हतं. कुणी उठून 'नमस्ते' म्हणेना. आपल्या कामातून मान वर काढायला त्यांना सवड नव्हती. परत आल्यावर बऱ्याच शाळांनी फरशा रंगवल्या. रंगवायला आठवडा पुरतो. मान वर न काढणारी मुलं व्हायला किती लागतं, ते फोटोत दिसत नाही. काही ठिकाणी चित्रं खराब होऊ नयेत म्हणून मुलांना त्यांच्यावर बसू देत नाहीत, असंही मी पाहिलं आहे.

फरशीची ही वाट तशी जुनी. बालशिक्षणाचं काम घेऊन ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढं १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीचं साहित्य महागडं, पाड्यावर ते आणणार कुठून? त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं घेतली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला वायर आणि पडदा आठवतो. माझ्या मते शिंपला कुठल्या वयाच्या मुलाच्या हातात, कुठल्या प्रश्नासह द्यायचा, हे ठरवणं हेही तंत्रज्ञानच, आणि ते अवघड.

वायर आणि पडदाही आला. गलाईच्या धंद्यासाठी आमच्या भागातली माणसं देशभर पांगली आहेत. कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात सोनं-चांदी गाळणारा माणूस माण-खटावचा किंवा खानापूर-आटपाडीचा निघतो. यात्रेला गावी आलेल्या अशा मंडळींनी लोकवर्गणी काढली आणि शाळेला मोठा टीव्ही दिला. नारळ फुटला, फीत कापली, शाळा डिजिटल झाली. त्या पडद्यानं आम्हाला जे दिलं त्याचं ऋण मी नाकारणार नाही. ज्या पोरांनी पाणी पाहिलं ते टँकरचं किंवा ओढ्याला चार दिवस आलेलं, त्यांनी भरती पाहिली. लाट येते आणि परत जाते, हे बघून एकानं काळजीनं विचारलं, "मग उरतं का वो काही?" ज्वालामुखी, हिमनदी, देवमासा यांच्यासाठी माझ्याकडे दुसरं साधन नव्हतं.

पण दुपारी जेव्हा कविता, पाढे, गोष्टी पडद्यावर सुरू होत, तेव्हा वर्ग फार शांत होई. पाहायला येणाऱ्यांना ती शांतता आवडे. मला ती ओळखीची वाटे. आमच्या लहानपणी गुरुजी छडी घेऊन उभे असत तेव्हा अशीच असायची. पडदा रागावत नव्हता एवढाच फरक. बोलत तोच होता, आणि कुणासाठी थांबत नव्हता.

टीव्हीमागोमाग टॅब आले. त्यात गणिताचे खेळ होते. बरोबर बटण दाबलं की टाळ्या आणि फुगे, चुकलं की भोंगा आणि लाल फुली. दोन दिवसांत माझ्या तिसरीच्या वर्गाला त्यातलं मर्म कळलं. चार पर्याय असतील तर प्रश्न वाचण्यात वेळ का घालवा? चारही बटणं भराभर दाबत जायची, टाळ्या कधीतरी वाजतातच. यंत्राच्या हिशेबी सगळे पास होते.

या टाळ्यांचा पूर्वज मला सापडला तो अमेरिकेत, १९५३ साली. मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेला होता. मुलं उदाहरणं सोडवत होती आणि आपलं बरोबर आलं की चूक हे त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हतं. इतक्या उशिरानं कशाचा कशाशी संबंध राहणार, असं वाटून तो घरी गेला आणि त्यानं शिकवणारं यंत्र बनवायला घेतलं : एक प्रश्न, मुलाचं उत्तर, लगेच निकाल, मग पुढचा प्रश्न. स्किनरला झोडपण्याची फॅशन आहे, मी तीत नाही. चाळीस वह्यांचा ढीग ज्यानं घरी नेला आहे त्याला त्या माणसाची कळकळ कळते. त्याचं यंत्र मुलाला लाजवत नव्हतं, आणि ज्याला जितका वेळ हवा तितका देत होतं. त्याला चूक मात्र नको होती. पायऱ्या इतक्या लहान करायच्या की मूल चुकूच नये, अशी त्याची रचना. बत्तीसातून सात गेले पस्तीस, यात पाहण्यासारखं काही आहे असं त्या यंत्राला वाटलं नसतं. टॅबलाही वाटत नाही.

मधली कोरोनाची दोन वर्षं सगळ्यांनाच माहीत आहेत. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनमध्ये गेला. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते वर्गाबाहेर गेले. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, जाता-येता मुलांनी वाचावेत म्हणून. त्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना त्या डिसेंबरात जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम तोवर राज्यभर पोचलं होतं, आणि बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांत वाटून टाकली. मला त्या कोडचं मोल कळलं ते मेंढरांमुळे. दिवाळीनंतर आमच्याकडची काही कुटुंबं मेंढरं घेऊन पश्चिमेकडे, पाण्याच्या मुलखात जातात. एका पोरीच्या दप्तरात पुस्तक होतं आणि बापाच्या खिशात फोन. कुठल्यातरी शेतात मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळी, लावून झाली की ती पुस्तकातला चौकोन फोनला दाखवायची आणि कविता ऐकायची. मग ती स्वतः म्हणून मला पाठवायची. मागं मेंढरांचा आवाज, मधेच कुत्रं. उत्तरादाखल मी पुढचं कडवं म्हणायचे. एरवी आमच्या फोनवर येतात ते तक्ते, लिंका आणि आजच्या आज भरायची माहिती. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

यंत्राकडे वेगळ्या नजरेनं बघणाऱ्या सिमोर पेपर्टचं नाव डी.एड.च्या पुस्तकात नव्हतं. हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गणिती १९५८पासून काही वर्षं जिनिव्हात पियाजेजवळ राहिला आणि मग अमेरिकेत गेला. तिथं १९६७ साली त्यानं सहकाऱ्यांबरोबर लहान मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा केली. त्यात एक कासव असतं. पुढं जा म्हटलं की ते पुढं जातं, वळ म्हटलं की वळतं, आणि जिथून जातं तिथं रेघ सोडतं. हे कासव पडद्यावर गेलं ते नंतर. आधी ते खरोखरचं, चाकांवर चालणारं, पोटाशी पेन असलेलं यंत्र होतं आणि फरशीवर फिरायचं. हे वाचलं तेव्हा मी आमच्या पिवळ्या-पांढऱ्या फरशीकडे बघून घेतलं. यंत्रानं मुलाला चालवावं की मुलानं यंत्राला, असा पेपर्टचा सवाल होता, आणि १९८०च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्यानं तो मांडला.

पुण्यात कंपनीत असलेल्या गावच्या एका मुलानं आपला जुना लॅपटॉप शाळेला दिला. त्यावर मी कासव आणलं. आधी आम्ही ते पडवीत खेळलो. एक जण कासव, बाकीचे हुकूम देणारे. चार पावलं पुढं, उजवीकडे वळ, चार पावलं पुढं. चौकोन कसा होतो हे पायांना कळलं. मग लॅपटॉपवर : एफडी ५० म्हणजे पन्नास पुढं, आरटी ९० म्हणजे नव्वद अंश उजवीकडे, असं चार वेळा. चौकोन उमटला तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत, कारण त्या यंत्रात टाळ्या नाहीत.

त्रिकोणाला मात्र अडलं. चौथीतल्या एका पोराचा तर्क सरळ होता : त्रिकोणाचा कोपरा चौकोनापेक्षा अरुंद, म्हणून वळायचंही कमी. नव्वदच्या जागी त्यानं साठ घातलं. कासव तिसरी बाजू काढून थांबलं आणि वाट उघडीच राहिली. आणखी एक, आणखी एक, करत सहा झाल्या तेव्हा ती मिटली. "मोहळातलं घर!" मागून कुणी ओरडलं. खरंच, मधाच्या पोळ्यातला षट्कोन. कासवानं चूक म्हटलं नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं आणि करून दाखवलं, बाकीचं पोरांवर सोपवलं.

मग साठाच्या खाली जायचं की वर, यावर भांडण झालं. खाली गेले तर घर आणखी मोठं झालं. शंभरवर गेले तर रेघा मिळेनात. एकशेपन्नासवर बारा टोकांची चांदणी उमटली आणि काही काळ त्रिकोणाला सगळेच विसरले. एक मुलगी तेवढी उठून पडवीत गेली, खडूनं त्रिकोण काढला आणि त्याच्यावरून चालायला लागली. कोपऱ्यावर आली, वळली, थांबली. पुन्हा मागं जाऊन वळली. "लई वळाया लागतंय," ती आतल्यांना ओरडून म्हणाली, "पार पाठमोरं व्हाया लागतंय!" कोपरा जितका अरुंद तितकं वळण मोठं, हे तिनं टाचेवर फिरून शोधलं. एकशेवीस सापडायला त्यानंतर फार वेळ गेला नाही. मी काय करत होते? खिचडीच्या तांदळाची नोंद.

गोलाचा हट्ट दुसऱ्या दिवशी सुरू झाला. गोल काढायचा हुकूमच कासवाला ठाऊक नाही. त्याला पुढं जाणं आणि वळणं एवढंच येतं. पडवीत फिरून पाहिल्यावर त्यांचं ठरलं की थोडं जायचं आणि थोडं वळायचं. किती थोडं? दहा-दहा केलं तर कोपरे दिसतात. पाच-पाच केलं तर कमी दिसतात. शेवटी एक जायचं, एक वळायचं, असं तीनशे साठ वेळा, आणि पडद्यावर गोल उभा राहिला, गुळगुळीत. मला वाटलं, झालं.

षट्कोनवालं पोरगं मात्र पडद्याला नाक लावून बघत होतं. "बाई, ह्यो गोल न्हाई. लई कोपऱ्यांचा हाय, बारीक हायती म्हणून दिसत न्हाईत."

"मग माझ्या बांगडीला पण असतील," त्रिकोणावरून चाललेली मुलगी म्हणाली.

बांगडी काढून ती हातोहात फिरली. एकानं नख फिरवून पाहिलं, एकानं उन्हात धरली. भिंगाखाली बघायचं ठरलं. भिंग विज्ञानपेटीत होतं, पेटी कपाटात होती, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे होती आणि ते तालुक्याला डिजिटल शाळांच्या आढावा बैठकीला गेले होते.